गिअरबॉक्स जागचा हलवायचा नाही: १९८८च्या टोयोटा पिकअपमध्ये टीडीआय बसवताना

अमेरिकेत इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं गाव आहे. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथलं. त्यामुळे आमच्याकडे गणपतीच्या आरतीला जमणारी निम्मी मंडळी पुण्याच्या कोथरूडमधल्या कमिन्समार्गे आलेली असतात आणि प्रसाद खाताना गप्पा नोझल आणि टर्बोच्या. अशा गावात राहून मी माझ्या टोयोटा पिकअपमध्ये फोक्सवॅगनचं टीडीआय, म्हणजे टर्बो-डिझेल, इंजिन बसवलं. गेली दोन वर्षं मला 'घरभेदी' म्हणतात. म्हणोत. पण तेच लोक नंतर एकेकटे येऊन विचारतात, "कसं केलंस रे? आम्हाला पण सांग." म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात मामांचं लेथचं दुकान आहे, तिथं सुट्टीत लोखंडाचा कीस झाडत मोठा झालो. हे काम मी एकच गाडी मावेल अशा घरच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवारी, मामांना व्हिडिओ कॉलवर धरून केलं. इथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे सात. मामा चहा पीत बघायचे आणि शिव्या घालायचे. सात महिने लागले.

गाडी १९८८ची, फोर-व्हील ड्राइव्ह, आत २२आर-ई हे २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन. हे इंजिन मरत नाही अशी ख्याती आहे. माझंही मेलं नव्हतं, दमलं होतं. हेडची पॅकिंग दोनदा गेलेली, टायमिंगची चेन खुळखुळ्यासारखी वाजायची, आणि मागं लाकडं भरून चढाला लागलं की चौथ्यातून थेट दुसऱ्यात. गॅलनला वीस मैल, म्हणजे लिटरला साडेआठ किलोमीटर.

कशालाही हात लावण्याआधी गाडीखाली झोपा आणि चेसिसवर हातोडी मारत पुढून मागे जा. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि या काळातल्या टोयोटा पिकअपची चेसिस त्या मिठानं आतून खाल्ली जाते. ठण्ण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं किंवा पापुद्रा सुटला तर इंजिनाचा विचार सोडा, आधी चेसिस. माझी मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ एका जागी भद्द वाजली. तिथं पत्रा कापून नवा वेल्ड करण्यात दोन आठवडे गेले.

कोणतं इंजिन

सगळे हॉर्सपॉवर विचारतात. मला विचाराल तर पहिला प्रश्न हा की तुमचा गिअरबॉक्स किती सोसेल. माझ्या गाडीत डब्ल्यू-५६ हा पाच गिअरचा बॉक्स आहे. २२आर-ईचा टॉर्क साधारण १९० न्यूटन-मीटर, आणि बॉक्स तेवढ्याच हिशेबानं बनवलेला. कमिन्सनं जुन्या गाड्यांत बसवण्यासाठी म्हणूनच आर २.८ हे इंजिन खोक्यात घालून विकलं. इंजिन सुंदर, १६१ हॉर्सपॉवर, पण टॉर्क माझ्या जुन्या इंजिनाच्या जवळपास दुप्पट. ते बसवायचं तर गिअरबॉक्स बदला, मग ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा), मग प्रोपेलर शाफ्ट, मग मागचा एक्सेल. गावात ज्यांनी तो घाट घातला त्यांच्या गाड्या अजून घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, उभ्या आहेत. नावं घेत नाही, आरतीला भेटायचं असतं.

मी घेतलं फोक्सवॅगनचं १.९ टीडीआय, एएलएच कोडचं. अमेरिकेत १९९८ ते २००३ या काळात न्यू बीटल, गोल्फ आणि जेट्टात हे इंजिन आलं. याच १.९ टीडीआय घराण्यातलं इंजिन आपल्याकडे पहिल्या ऑक्टाव्हियात होतं, त्यामुळे मामांच्या गल्लीतल्या फिटरनाही ते ओळखीचं. १८९६ सीसी, ९० हॉर्सपॉवर, २१० न्यूटन-मीटर. कागदावर जुन्या इंजिनापेक्षा २६ घोडे कमी. पण २२आर-ईला जोर यायला २८०० आरपीएम लागायचे, याला तो १९००लाच मिळतो. आणि बॉक्सवर भार वाढला फक्त वीस न्यूटन-मीटर. क्लचपासून मागच्या हाऊसिंगपर्यंत सगळं जुनंच राहिलं.

एक हिशेब मात्र खरेदीच्या आधी कागदावर करा. डिझेलचा खेळ चार हजार आरपीएमच्या आत संपतो. त्यामुळे हायवेला इंजिन कुठं फिरेल ते काढायचं. माझा पाचवा गिअर ०.८५, एक्सेल ४.१०, टायर ३१ इंची. ताशी ६५ मैलांना, म्हणजे १०५ किलोमीटरला, साधारण २४५० आरपीएम येतात. टीडीआयला हा आकडा मानवतो. टायर २८ इंची असते तर २७०० आले असते, तेही चाललं असतं. तुमचा आकडा तीन हजारांच्या पुढं गेला तर गाडी दिवसभर कण्हत चालेल. मग मोठे टायर घाला नाहीतर एक्सेलचा रेशो बदला.

कायद्याचं आधी

अमेरिकेत पर्यावरण खात्याचा, म्हणजे ईपीएचा, साधा दंडक आहे: नवं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि मूळ गाडीत ज्या प्रदूषण-नियंत्रणाच्या वस्तूंसह प्रमाणित झालं त्या सगळ्या वस्तूंसकट ते बसलं पाहिजे. माझी गाडी १९८८ची, इंजिन २००१चं, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात वळवणारी व्यवस्था) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर. 'ईजीआर काढून टाक, काजळीचा त्रास जाईल' असं सांगणारे भेटतीलच, ऐकू नका. धुराची तपासणी इंडियानात फक्त लेक आणि पोर्टर या शिकागोलगतच्या दोन काउंट्यांत होते, आमच्याकडे नाही, पण तपासणी नाही म्हणून नियम नाही असं होत नाही. कॅलिफोर्नियात असाल तर प्रकरण बरंच कडक आहे, इंजिन घेण्याआधी तिथल्या रेफरीकडून, म्हणजे अशा गाड्या तपासणाऱ्या अधिकृत केंद्राकडून, खात्री करून घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा.

आणि सांगली-साताऱ्याहून वाचणाऱ्या भावांनो, हे तिकडं रस्त्यावरच्या गाडीत करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९च्या जानेवारीत ते स्पष्ट केलंय. गंमत म्हणजे तो कायदाही १९८८चा, माझ्या गाडीच्याच वयाचा.

इंजिन नको, आख्खी गाडी घ्या

भंगारवाल्याकडं सुटं इंजिन स्वस्त मिळतं. तो मोह टाळा. इंजिनाबरोबर ईसीयू (इंजिनाचा संगणक), सगळी वायरिंग, रेसचं पेडल, हीटर प्लगचे रिले, किल्ली, इंटरकूलर आणि त्याचे पाईप हे सगळं लागतं, आणि सुटं सुटं गोळा करायला गेलात तर गाडीपेक्षा महाग पडतं. मी मागून ठोकलेली २००१ची जेट्टा घेतली. मागूनच का, तर पुढचा रेडिएटर, इंटरकूलर आणि वायरिंग शाबूत राहतं. इंजिन पूर्ण गार असताना सेल्फ मारून बघा. आधी तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. लॅपटॉपवर व्हीसीडीएस लावून फॉल्ट वाचा. ते सॉफ्टवेअर आणि केबल घ्याच, पुढं रोज लागणार आहे.

इंजिन बाहेर काढून स्टँडवर चढवलं की दोन कामं लगेच करायची. पहिलं, इनटेक मॅनिफोल्ड काढून आत बघा. ईजीआरची काजळी आणि ऑईलची वाफ मिळून आत डांबर धरतं. माझ्यात करंगळी जाईल एवढंच भोक उरलं होतं. जुन्या स्क्रूड्रायव्हरनं खरवडून, मग धुवून साफ केलं, कॉफीचा मग भरून काजळी निघाली. दुसरं, टायमिंग पट्टा, टेन्शनर, रोलर आणि पाण्याचा पंप नवे घाला. या इंजिनात पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन आपटतो. कॅमला लॉक पट्टी, डिझेल पंपाला पिन, क्रँक खुणेवर. पट्टा चढवल्यावर पान्ह्यानं क्रँक दोन पूर्ण फेरे हातानं फिरवा. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही, काढून परत.

जोड

आता मुख्य काम. सगळ्या कामाला एकच नियम धरा: गिअरबॉक्स जागचा हलवायचा नाही. तो तिथंच राहिला तर गिअरचा दांडा, ट्रान्सफर केस, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल यांपैकी कशालाच हात लागत नाही. इंजिन त्याच्याकडं जाईल, तो इंजिनाकडं येणार नाही.

मधे लागते अडॅप्टर प्लेट. एका बाजूनं फोक्सवॅगनच्या ब्लॉकची भोकं, दुसऱ्या बाजूनं टोयोटाच्या बेलहाऊसिंगची, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या कवचाची. ही तयार मिळते, फ्लायव्हीलसकट. मामा म्हणाले होते, "पाठव माप, हितं टर्न करून देतो." पण चाळीस पौंडांचं लोखंड विमानानं आणण्यापेक्षा तयार किट घेतलं. फ्लायव्हीलची क्रँकला बसणारी भोकं फोक्सवॅगनची, आणि क्लचप्लेट टोयोटाची, कारण प्लेटचे स्प्लाइन, म्हणजे मधल्या भोकातल्या खाचा, गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळायला हवेत. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात तुमच्या सेल्फशी जुळतात का, हे ऑर्डर देतानाच विचारा.

जेट्टात इंजिन आडवं असतं. त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टला क्रँकमध्ये टेकायची गरज नसते, त्यामुळे क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंगची सोयच नाही. टोयोटाचा शाफ्ट मात्र लांब. त्याच्या टोकाला आधार नसेल तर तो डगडग हलतो आणि बॉक्सचं पुढचं बेअरिंग खाऊन टाकतो. म्हणून किटमध्ये पितळेचा एक बुश येतो, तो फ्लायव्हीलच्या मधोमध दाबून बसवायचा. अंगठ्याएवढा तुकडा. माझा महिना त्यानं खाल्ला.

झालं असं की बुश मी आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हातानं घालून बघितला, मस्त सरकला. मग फ्लायव्हीलमध्ये दाबला. मग इंजिन चेनकुप्पीला लटकवून बॉक्सला लावायला घेतलं. गेलं, गेलं, आणि शेवटच्या अर्ध्या इंचाला अडलं. हलवून बघितलं, गिअर टाकून मागचा शाफ्ट फिरवून बघितला, नाही. रात्रीचे अकरा वाजलेले. मी म्हटलं चार बोल्ट लावू आणि हळूहळू आवळत आणू. दोन बोल्ट आवळले. दुसऱ्यावर करकरल्यासारखा आवाज आला. बेलहाऊसिंगचा अ‍ॅल्युमिनियमचा कान गेला होता.

मामांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लेका, बोल्टचं काम धरून ठेवायचं. ओढायचं न्हवं. हातानं बसत नसंल तर आत कायतरी चुकलंय." मग विचारलं, "बुश दाबल्यावर शाफ्ट घालून बघितलास का?" नव्हता बघितला. बुश घट्ट दाबला की त्याचं आतलं भोक आकसतं. हातात असताना मोकळा असलेला बुश आत गेल्यावर एक-दोन थाऊनं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आवळला होता. उद्यमनगरात पहिल्या आठवड्यात शिकवतात ही गोष्ट.

तर क्रम असा: बुश दाबा, मग भोक मोजा, मग होन करून, म्हणजे आतून बारीक घासून, शाफ्ट बोटाच्या जोरानं सरकेल एवढं करा, जुन्या सुट्या इनपुट शाफ्टनं तपासा, आणि मगच क्लच चढवा. बेलहाऊसिंग भंगारातून दुसरं आणलं. डब्ल्यू-५६चं बेलहाऊसिंग बॉक्सपासून वेगळं होतं हे नशीब.

ते वेगळं होतं याचा आणखी एक फायदा करून घ्या. प्लेट आणि नुसतं बेलहाऊसिंग इंजिनाला लावा, फ्लायव्हीलवर चुंबकाच्या स्टँडनं डायल गेज बसवा, डायलची सुई बेलहाऊसिंगच्या मागच्या गोल भोकाला टेकवा आणि क्रँक हातानं फिरवा. एका पूर्ण फेऱ्यात सुई पाच थाऊच्या आत हलली पाहिजे. माझी पहिल्यांदा नऊ हलली. प्लेटच्या कडेला रंगाचा एक ओघळ होता, तो खरवडला, चारवर आली. नव्या किटवर विश्वास ठेवून ही पायरी सोडू नका. क्लच वर्षभरात का जळला हे नंतर कुणालाच कळत नाही.

बसवणं

बॉक्स आणि इंजिन एक झालं की इंजिनाचं वजन जोडावर लटकू देऊ नका, चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याखाली) लाकडाचा ठोकळा आणि जॅक द्या. मग आजूबाजूला बघा. टायमिंग पट्टा पुढं आला की टर्बो उजवीकडं जातो आणि डिझेल पंप डावीकडं. इथल्या गाडीचं स्टीअरिंग डावीकडं असल्यानं हे सोयीचं पडतं, तापलेला पाईप स्टीअरिंगच्या शाफ्टपासून लांब राहतो. अडचण मागं येते. एएलएचचा व्हॅक्यूम पंप आणि हेडमधून पाणी बाहेर येण्याचा फ्लँज हे दोन्ही फ्लायव्हीलच्या टोकाला आहेत, म्हणजे आता थेट फायरवॉलसमोर, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यासमोर. मी आतली चटई आणि फोम काढून चार किलोच्या घणानं पत्रा बशीएवढा आत घातला. इंजिन पुढं ओढून जागा करायचा विचार माझ्याही मनात आला होता. वरचा नियम आठवा.

व्हॅक्यूम पंप मात्र काढून टाकायचा विचार करू नका. पेट्रोल इंजिनाचा ब्रेक बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो, डिझेलमध्ये तो मिळत नाही. हा पंप गेला की ब्रेकचं पेडल दगड.

इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे इंजिन चेसिसवर धरणारे ब्रॅकेट, मी सहा मिलीमीटर पट्टीची केली. पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, मग पट्टी, जागेवर नुसते टॅक मारायचे, इंजिन बाहेर काढून पूर्ण वेल्ड. ईसीयू लावलेला असताना वेल्डिंग करायचं नाही. रबर मऊच घ्या. कडक पॉलियुरेथेनचे घालून बघितले होते. आयडलला आरशात मागचं काही दिसेना, नुसती थरथर. आणि चेंबर पुढच्या डिफरन्शियलच्या किती वर आहे ते बघताना गाडी घोड्यांवर नको, चाकांवर उभी हवी. घोड्यांवर पुढचं हाऊसिंग खाली लोंबतं आणि जागा भरपूर आहे असं वाटतं.

जेट्टात इंजिन मागं कललेलं असतं, माझ्या प्लेटवर ते सरळ उभं राहिलं. त्यामुळे ऑईलची कांडी खोटं बोलते. मोजून साडेचार लिटर ऑईल घाला, इंजिन फिरवून थांबवा, आणि कांडीवर नवी खूण करा.

रेडिएटर जुनाच चालला. यांत्रिक पंखा गेला, त्याजागी इलेक्ट्रिक. इंटरकूलरचे पाईप जोडल्यावर एका तोंडाला बूच मारून कॉम्प्रेसरनं एक बार हवा भरा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. माझे सहापैकी दोन जोड बुडबुडले. सायलेन्सरच्या पाईपमध्ये लवचिक तुकडा टाका, डिझेलची थरथर जुन्या हँगरना सोसत नाही.

वायरिंग

इथं लोक हात टेकतात. जेट्टाची वायरिंग बाहेर काढली की एखाद्या जनावराच्या आतड्यासारखी दिसते. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती सहा आठवडे पडून होती. बायकोनं पहिल्या आठवड्यातच टेबलाचा नाद सोडला आणि मुलांना ओट्यावर जेवायला वाढलं.

नियम असा की कापायचं शेवटी, आधी नावं द्यायची. ईसीयूच्या बाजूनं सुरुवात करा, डायग्राममध्ये पिनचा नंबर बघा, वायर बोटानं धरून शेवटपर्यंत जा, चिठ्ठी लावा. राहणारी मंडळी थोडकी असतात: ईसीयूचा करंट आणि अर्थिंग, रेसचं पेडल, डिझेल पंप, क्रँकचा सेन्सर, पाण्याचं तापमान, हवेचं माप, बूस्टचं माप, टर्बो आणि ईजीआरचे दोन सोलेनॉइड, हीटर प्लग, ब्रेक आणि क्लचचे स्विच, आणि व्हीसीडीएसचं सॉकेट. तिसऱ्या नोझलमध्येही एक सेन्सर असतो, त्याची वायर विसरू नका. ईसीयूला करंट देणारा १०९ नंबरचा रिले नवाच घ्या. तो म्हातारपणी लहरी होतो आणि चालती गाडी बंद पाडतो. किल्लीतला इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) जेट्टाच्या मीटरशी बांधलेला असतो. मीटर तर आता नाही. ईसीयू एका जाणकाराकडं पोस्टानं पाठवून तो बंद करून आणला.

माझी फसगत ब्रेकच्या स्विचनं केली. इंजिन सुरू झालं, आयडल गोड, पण रेस दिली की थोडी वर जाऊन परत खाली. तीन संध्याकाळी पेडलच बदलत बसलो. शेवटी व्हीसीडीएसमध्ये बघितलं तर ईसीयूच्या मते मी सतत ब्रेक दाबून बसलो होतो. जेट्टाच्या ब्रेकला दोन स्विच एकत्र असतात. पेडल दाबलं की एक जोडतो, दुसरा तोडतो, आणि ईसीयू दोघांची साक्ष ताडून बघतो. टोयोटाला एकच. मी दुसरी वायर मोकळी सोडली होती. जेट्टाचाच स्विच पत्र्याच्या ब्रॅकेटवर टोयोटाच्या पेडलला बसवला, पाच मिनिटांचं काम. अर्थिंगबद्दल एवढंच: इंजिनापासून चेसिसला आणि बॅटरीला बोटाएवढी जाड केबल, रंग खरवडून. जुन्या गाडीतले निम्मे 'सेन्सरचे' फॉल्ट अर्थिंगचे असतात.

डिझेलची वाट आणि पहिला सेल्फ

२२आर-ईला फ्यूएल इंजेक्शन असल्यानं टाकीला जाणारी आणि परत येणारी, दोन्ही नळ्या आधीच आहेत. टाकी उतरवा, आतला पेट्रोलचा पंप काढून त्याजागी साधी नळी लावा, टाकी धुवून दोन दिवस उन्हात वाळवा. या इंजिनाचा बॉशचा पंप स्वतःच डिझेल ओढतो, आणि त्याचं वंगणही डिझेलच असतं, म्हणून पेट्रोलचा अंश राहता कामा नये. जेट्टाचा फिल्टर त्याच्या वरच्या छोट्या जोडासकट घ्या. थंडीत तो परत येणारं गरम डिझेल फिल्टरमध्ये वळवतो. आमच्याकडं जानेवारीत उणे पंधरा होतं तेव्हा कळतं तो कशाला आहे.

कोरड्या पंपावर सेल्फ मारत बसू नका. परतीच्या नळीला हातपंप लावून, पारदर्शक नळीतून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल ओढून घ्या, म्हणजे एअर निघते. मग पंपावरच्या डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा आणि ऑईलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. दिवा विझला की वायर लावा. इनटेकच्या तोंडाला झाकता येईल अशी एक फळी जवळ ठेवा. टर्बोतून ऑईल आत गेलं तर डिझेल इंजिन किल्ली काढूनही पळत सुटतं, तेव्हा हवा तोडणं एवढाच उपाय असतो. हात नाही लावायचा, फळी.

माझं चौथ्या सेल्फला लागलं. मामांनी फोन बॉनेटजवळ धरायला सांगितला, ऐकलं, आणि म्हणाले, "तिसऱ्या नोझलची नळी बघ, हवा घेतीय." नट पाव फेरा ढिला होता. फोनवर कसं ऐकू आलं ते त्यांनाच ठाऊक. तापल्यावर व्हीसीडीएसवर इंजेक्शनचं टायमिंग बघून घ्या. पट्टा बरोबर असला तरी पंप केसभर फिरलेला असतो.

पहिले पाचशे मैल झाले की फाउंडेशन, जोड आणि पाईपचे क्लॅम्प परत आवळा. आता गॅलनला तीस मैल मिळतात, लिटरला पावणेतेरा किलोमीटर. पहिला गिअर जवळपास विसरलोय, रिकामी गाडी दुसऱ्यातच उचलते. टॅकोमीटर मेलाय. आधी तो इग्निशन कॉइलवरून आकडा घ्यायचा आणि आता कॉइलच नाही. कान आहेत.

एक राहिलंच. टाकीच्या तोंडात पेट्रोलच्या बारीक नळीपुरती एक झडप असते, ती आधीच काढून टाका. मी विसरलो. पहिल्यांदा पंपावर गेलो तर डिझेलची जाड नळी आत जाईना. नरसाळ्यानं भरत उभा होतो तेवढ्यात शेजारच्या पंपावरच्या बाई धावत आल्या, जुनी टोयोटा आणि हातात डिझेलचा पाईप बघून. त्यांना बॉनेट उघडून दाखवावं लागलं. दुसऱ्या दिवशी झाकणावर पिवळा स्टिकर लावला.